सशाची चारशे पानं: प्राणी नायक असलेल्या साहसकादंबऱ्या मोठ्या मुलांनाही का सोडवत नाहीत?

नाशिकला आमच्या कॉलनीत एक छोटं बालवाचनालय आहे. रविवारी सकाळी देवघेवीच्या वहीपाशी मी बसते. मागच्या महिन्यात एक आई आल्या, मागोमाग त्यांची आठवीतली मुलगी. आईंनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक टेबलावर ठेवलं. मुखपृष्ठावर मांजराचा चेहरा. "ताई, मांजरांचं हे पाचवं पुस्तक हिचं. अजून किती दिवस माऊच्या गोष्टी? वयाला शोभेल असं काहीतरी द्या ना." मुलगी काही बोलली नाही. तिची नजर मात्र कपाटातल्या सहाव्या भागावर होती.

हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा तरी विचारला जातो, कधी वडील विचारतात, कधी आजोबा. ससा म्हटलं की आपल्याला कासवाशी लावलेली शर्यत आठवते, आणि ती गोष्ट आपण बालवाडीतच मागे सोडलेली असते. मग त्याच सशांच्या, उंदरांच्या, मांजरांच्या चारशे पानी कादंबऱ्या, त्यांत युद्धं, हद्दपारी, फितुरी, मरणं, आणि त्या रात्र जागून वाचणारी तेरापासून चाळिशीपर्यंतची माणसं, हे काय प्रकरण आहे? त्या आईंना मी घाईत दोन वाक्यांत काहीतरी सांगितलं. ते अपुरं होतं. हे पूर्ण उत्तर.

आधी हे प्राणी वेगवेगळे ओळखू या

शाळेत आपण चेतनगुणोक्ती अलंकार शिकलो: निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं कल्पायचं. प्राण्यांच्या बाबतीत हेच केलं, त्यांना माणसाचं मन आणि माणसाची वाचा दिली, की त्याला मानवीकरण म्हणतात. प्राण्यांची प्रत्येक गोष्ट हे करते. फरक पडतो तो किती करते त्यावरून.

पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे कोल्हे आहेत, पण ते कोल्हे असण्याशी गोष्टीला फारसं देणंघेणं नाही. ते दरबारातले कारभारी आहेत. कोल्ह्याचा मुखवटा काढला तरी राजाचे कान भरणारा कारभारी उरतोच. म्हणून तर ही गोष्ट सहाव्या शतकात पहलवीत आणि आठव्या शतकात अरबीत सहज गेली. अरबीत ग्रंथाचं नावच या जोडीवरून पडलं, 'कलीला व दिम्ना'. कान भरणारे सगळ्याच दरबारांत असतात.

दुसऱ्या प्रकारात प्राणी कपडे घालतात, तलवार धरतात, चुलीवर रांधतात. उंदरांचा मठ असतो, त्याला तटबंदी असते. शरीर थोडं प्राण्याचं, बाकी संसार माणसाचा.

तिसऱ्या प्रकारात ससा हा ससाच राहतो. त्याला हात नाहीत, तो विस्तव पेटवत नाही. लेखकाने त्याला फक्त विचार आणि भाषा दिलेली असते. त्याची भूक, त्याचं नाक, त्याचे पाय सगळं खरं.

यातल्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारच्या लांबलचक कथांना अद्भुत कादंबरी म्हणतात, म्हणजे जिच्यात लेखक आपलं वेगळं जग त्याच्या रीतिभाती, इतिहास आणि देवांसकट उभं करतो. माझं म्हणणं असं, की या कादंबऱ्यांची खरी ताकद गोडगोजिरेपणात नाही, ती शरीरात आहे. प्राण्याचं शरीर जितकं खरं, तितकी भोवतीची कल्पना वाचकाच्या अंगावर येते. हे एकाच पुस्तकावरून नीट दिसतं, म्हणून त्यापाशी जरा थांबते.

मोटारीत सुरू झालेली गोष्ट

रिचर्ड ॲडम्स हे इंग्लंडमधले सरकारी नोकर. मोटारीच्या लांबच्या प्रवासात दोन मुलींना रमवायला त्यांनी सशांची गोष्ट रचून सांगितली. पुढे मुलींनी हट्टच धरला, लिहून काढा. नोकरी सांभाळून संध्याकाळी त्यांनी ती लिहिली. अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परत केलं. कारण काय, तर मोठ्या मुलांना आवडणार नाही कारण गोष्ट सशांची, आणि लहान मुलांना पेलणार नाही कारण लिहिणं प्रौढ. आमच्या वाचनालयातल्या आईंची शंका आणि त्या प्रकाशकांची शंका एकच होती.

शेवटी रेक्स कॉलिंग्ज या छोट्या प्रकाशकाने १९७२ साली 'वॉटरशिप डाउन' काढली. पहिली आवृत्ती फक्त २,५०० प्रतींची. बालसाहित्यासाठी दिलं जाणारं त्या वर्षीचं कार्नेगी पदक तिला मिळालं आणि पुढे ती जगभर गेली.

कथा थोडक्यात अशी. एका कळपातल्या फायव्हर नावाच्या लहानखुऱ्या, घाबरट सशाला वाटतं की आपल्या वसाहतीवर मोठं संकट येतंय. ते खरंच येणार असतं, कारण तिथे माणसांची घरं बांधायची ठरलेली असतात. म्हातारा मुखिया ऐकत नाही. तेव्हा फायव्हरचा भाऊ हेझल मूठभर सोबत्यांना घेऊन रात्रीच बाहेर पडतो. नवी जागा शोधायची, ती मिळाली की तिथे वंश वाढावा म्हणून माद्या आणायच्या, आणि त्यासाठी एफ्राफा नावाच्या एका जुलमी वसाहतीशी टक्कर घ्यायची.

ॲडम्स दुसऱ्या महायुद्धात विमानातून उतरवल्या जाणाऱ्या सैन्याला रसद पुरवणाऱ्या तुकडीत होते. हेझल आणि दांडगा बिगविग हे आपल्याला तिथे भेटलेल्या अधिकाऱ्यांवरून सुचले असं ते सांगत. हेझल सर्वांत बलवान नाही, सर्वांत हुशारही नाही. कुणाला काय जमतं हे तो ओळखतो, एवढंच. पुढे त्याच्या पायाला गोळी लागते आणि तो लंगडा होतो. शेवटच्या वेढ्यात बिगविग एकटा बिळाचा बोगदा अडवून उभा असतो आणि समोरच्या, एफ्राफाच्या हुकूमशहाला म्हणतो, माझ्या मुखियाने मला ही जागा राखायला सांगितलंय. हुकूमशहा हादरतो. एवढा धिप्पाड ससा जर मुखिया नाही, तर मुखिया किती मोठा असेल! तो मुखिया त्या वेळी आपला अधू पाय ओढत भलतीकडेच धावत असतो. हे पान मी जितक्या वेळा वाचलंय तितक्या वेळा माझा घसा दाटून आला आहे.

दहा किलोमीटरच्या आतलं वनवासपर्व

पुस्तकातली ठिकाणं खरी आहेत. ससे जिथून निघतात ते सँडलफर्ड न्यूबरी गावाजवळ आहे, आणि जिथे पोचतात ती वॉटरशिप डाउन ही हॅम्पशरमधली टेकडी. दोहोंमधलं सरळ अंतर दहा किलोमीटरही भरत नाही. म्हणजे नाशिकरोड स्टेशनवरून पंचवटीत यावं, तितकंच काहीसं. रिक्षावाल्याला अर्धा तास.

आता हेच अंतर जमिनीपासून वीतभर उंचीवरून चाला. ओढा म्हणजे नदी, नदी म्हणजे समुद्र. कुत्रा म्हणजे राक्षस. डांबरी रस्ता हा काय पदार्थ आहे हेच ठाऊक नाही. दमलेला फायव्हर आणि छोटा पिपकिन यांना पाणी ओलांडवत नाही, तेव्हा ब्लॅकबेरी नावाचा ससा काठावरच्या एका फळकुटाकडे बघतो आणि त्याच्या लक्षात येतं की हे तरंगतं, यावर दोघांना बसवून ढकललं तर पलीकडे जातील. बाकीच्यांना तो काय म्हणतो तेच कळत नाही. नाव नावाची गोष्ट सशांच्या जगात त्या क्षणी पहिल्यांदा जन्माला येते. माणसाच्या कादंबरीत नायकाने ओढा ओलांडला, हे अर्ध्या ओळीत संपलं असतं.

चार वर्षांच्या पोराचं बोट धरून एसटी स्टँडवर गेला असाल तर तुम्हाला हे ठाऊक आहे. आपल्याला फलाट दिसतो, पाटी दिसते. त्याला गुडघे दिसतात, पिशव्या दिसतात, आणि बस म्हणजे त्याच्या डोक्याएवढं चाक. आपण सगळे त्या उंचीवरून जग पाहून आलोय. फक्त विसरलोय. लहान शरीराचा नायक ते सगळं परत आणून देतो. माणसांच्या अद्भुत कथेत धोका उभा करायला ड्रॅगन आणावा लागतो, इथे शेतावरचं मांजर पुरतं.

एकाच वेळी लहान आणि मोठा

किशोरवयीन मुलांना या पुस्तकांचं इतकं वेड का, याचं कारण मला इथेच सापडलं. मुलांची साहसकथा लिहिणाऱ्यापुढे एक जुनी अडचण असते: आईबापांचं करायचं काय? ते घरी असतील तर बारा वर्षांच्या मुलीला रात्री जंगलात जाऊ देणार नाहीत. मग लेखक त्यांना मारतो, परदेशी धाडतो किंवा मुलांना वसतिगृहात ठेवतो. वर्षभराचा ससा मात्र पुरता कर्ता असतो. त्याला शाळा नाही, परवानगी नाही, खिशात पैसे असण्याचा प्रश्न नाही. आकाराने तो लहान मुलासारखा, आणि जबाबदारी मात्र पूर्ण वाढलेल्याची. आठवीतल्या मुलीची अवस्था नेमकी हीच असते. घरातली मोठी म्हणून जबाबदाऱ्या येऊ लागलेल्या असतात, पण शब्दाला अजून वजन आलेलं नसतं.

तिच्या त्या मांजरांच्या मालिकेतही हेच आहे. 'वॉरियर्स' ही मालिका २००३ साली सुरू झाली. एरिन हंटर हे त्यावरचं नाव एका व्यक्तीचं नाही, अनेक लेखिकांनी मिळून घेतलेलं टोपणनाव आहे. माणसाच्या घरात पाळलेला एक बोका कुंपण ओलांडून रानमांजरांच्या टोळीत जातो. तिथे पिल्लाचं नाव वेगळं, शिकाऊ झाल्यावर वेगळं, लढवय्या झाल्यावर वेगळं आणि टोळीप्रमुख झाल्यावर आणखी वेगळं. प्रत्येक टप्प्यावर सगळ्यांसमोर नवं नाव पुकारलं जातं. आपण आता मोठ्या झालो हे कुणीतरी जाहीरपणे म्हणावं, ही त्या वयाची केवढी भूक असते! आपल्या घरांत ते कुणी म्हणत नाही. एक दिवस अचानक फ्रॉक बंद होतो, एवढंच.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. माणूस नायक असला की त्याचा देश येतो, रंग येतो, आडनाव येतं. आडनाव कानावर पडलं की आपल्या डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. इंग्लंडमधल्या शाळेची गोष्ट वाचताना नाशिकची मुलगी पाहुणीच राहते. सशांच्या कळपात लंडनची मुलगीही तितकीच परकी असते. सगळ्यांचं रेशनकार्ड तिथे नवीनच निघतं.

आपला मेंदू इतक्या लवकर का फसतो?

मुळात सशाच्या जिवाची काळजी आपल्याला का वाटावी? फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एक छोटी चित्रफीत, तीत दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि दार असलेला एक चौकोन. आकृत्या नुसत्या सरकतात. ३४ विद्यार्थिनींना विचारलं, काय दिसलं? एकीनेच ते भूमितीच्या भाषेत सांगितलं. बाकीच्यांनी गोष्ट सांगितली: मोठा त्रिकोण दांडगाई करतोय, वर्तुळ घाबरलंय, असं.

कागदी त्रिकोणात ज्यांना मन दिसतं त्यांना कान टवकारलेल्या सशात ते दिसायला किती वेळ लागणार? ही सवय आपल्या हाडात आहे. झुडूप हललं की मागे कुणीतरी आहे असं मानणं, हे वारा मानण्यापेक्षा जिवाच्या दृष्टीने सुरक्षित. लेखक या सवयीवरच घर बांधतो. फक्त त्रिकोणाला पोट नसतं, सशाला असतं.

आणि पोट काय करू शकतं बघा. सशांच्या वसाहतीत गर्दी आणि ताण वाढला तर गाभण सशिणी पिल्लांना जन्म न देता ती शरीरातच जिरवतात. हे खरं जीवशास्त्र आहे. ॲडम्स यांनी सशांबद्दलची माहिती निसर्ग-अभ्यासक आर. एम. लॉकली यांच्या १९६४ सालच्या पुस्तकातून घेतली होती. कादंबरीतल्या एफ्राफात माद्यांचं असं होतं, त्या खचतात आणि म्हणूनच पळून जायला तयार होतात. जुलमी राजवटीविरुद्धचं बंड इथे जाहीरनाम्यातून येत नाही, गर्भाशयातून येतं. अख्ख्या कादंबरीत मला सर्वांत जास्त हलवून गेलेली गोष्ट ही.

एक शिवी, जिचा अर्थ कुणी सांगत नाही

ॲडम्स यांनी सशांना थोडेसेच स्वतःचे शब्द दिले. मोटारीला ससे 'ह्रूदुदू' म्हणतात, आवाज ऐका की त्यात. बाहेर येऊन चरण्याला 'सिल्फ्ले'. शत्रूंना मिळून 'एलिल'. भीतीने जागच्या जागी गोठून गेलेला ससा 'थार्न'. सशांना चारपर्यंतच मोजता येतं, पुढचं सगळं 'ह्रेर'. पाच म्हणजेही ह्रेर, हजार म्हणजेही ह्रेर. तीन वर्षांचं मूलही असंच मोजतं: एक, दोन, तीन, खूप.

असे शब्द पाठ करावे लागत नाहीत. लग्न होऊन कोल्हापूरहून नागपूरला गेलेली मुलगी तिकडचे शब्द शिकवणी लावून शिकत नाही, स्वयंपाकघरात कानावर पडून पडून ते तिच्या तोंडी बसतात. इथेही तसंच होतं. शेवटच्या लढाईत बिगविग हुकूमशहाला सशांच्या भाषेत एक सणसणीत शिवी हासडतो. शेजारी अर्थ दिलेला नाही. तरीही वाचकाला ती पूर्ण कळते आणि त्याच क्षणी त्याला जाणवतं की आपल्याला सशांची भाषा येते. इतकी शेकडो पानं वाचल्याचं हे बक्षीस असतं. दहा पानांच्या बोधकथेत ते मिळवता येत नाही, आणि ही पुस्तकं जाडजूड का असतात याचं हेही एक उत्तर.

"पण हे तर वास्तवापासून पळणं झालं"

हा आक्षेप शिक्षक मंडळी घेतात. पळायला जागा हवी असेल तर ही जागा फार वाईट निवडली असं मी म्हणेन. ससा सगळ्यांचं भक्ष्य आहे. या कादंबरीत फासे आहेत, बंदूक आहे, माणसांनी विषारी वायू सोडून बुजवलेली बिळं आहेत. वाटेत एक वसाहत लागते, तिथले ससे गुबगुबीत, सुखवस्तू, कविता करणारे. शेतकरी त्यांच्यासाठी भाजीपाला टाकून जातो. एकच नियम: कालपर्यंत असलेला अमुक आज कुठे आहे, हे कधी विचारायचं नाही. कारण त्याच शेतकऱ्याने फासे लावलेले असतात. आपल्या आसपास असे सुखाचे आणि न विचारण्याचे करार किती आहेत, हे मुलं मला विचारतात तेव्हा माझ्यापाशी तयार उत्तर नसतं.

संकटात हे ससे काय करतात? एक जण त्यांच्या आदिपुरुषाची, हजार शत्रू असलेल्या राजपुत्राची गोष्ट सांगतो. बाहेर पाऊस नि अंधार, आत आख्यान. आपल्या घरांत आजारपण आलं की म्हातारी माणसं पोथी काढून बसतात, तेच हे.

"मग मुलं घाबरणार नाहीत का?"

घाबरतात. या कादंबरीवर १९७८ साली निघालेल्या चित्रपटाला ब्रिटनमध्ये सर्वांसाठी योग्य असं प्रमाणपत्र मिळालं होतं आणि तो पाहून पिढीच्या पिढी रडली. पुढे त्याचं वर्गीकरण बदलून पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा असं केलं गेलं. ते योग्यच झालं. नऊ-दहा वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात हे पुस्तक एकट्याने वाचायला मी देत नाही, शेजारी बसून वाचते. पडद्यावरचं रक्त थांबत नाही, पुस्तक मिटता येतं.

"उंदीर चांगला आणि घूस वाईट, हे कुणी ठरवलं?"

सर्वांत वजनदार आक्षेप हा आहे आणि तो मला मान्य आहे.

ब्रायन जेक्स हे लिव्हरपूलचे. दूध पोचवायला ते अंध मुलांच्या एका शाळेत जात, तिथल्या मुलांना वाचून दाखवत. त्याच मुलांसाठी त्यांनी 'रेडवॉल' लिहिली. १९८६ साली ती छापली गेली आणि मालिका २२ पुस्तकांपर्यंत गेली. न पाहू शकणाऱ्या मुलांसाठी लिहिल्यामुळे तिच्यात वास, चवी, आवाज यांची नुसती रेलचेल आहे. मठातल्या जेवणावळींची वर्णनं वाचून आमच्याकडची मुलं भूक लागली म्हणून घरी पळाली आहेत.

पण या जगात छोटे उंदीर, चिचुंद्र्या, बॅजर हे सज्जन, आणि घुशी, मुंगसाच्या तोंडवळ्याचे वीझल, फेरेट हे दुर्जन, आणि ते जन्मानेच. पंचतंत्रातला लबाड कोल्हा एका गोष्टीपुरता असतो. वीस-बावीस पुस्तकं सलग एक अख्खी जातच दुष्ट दाखवली तर मुलाच्या मनात काय रुजतं? माणूस जन्माने उच्च-नीच ठरत नाही हे सांगण्यात फुले-आंबेडकरांची आयुष्यं गेली, त्या महाराष्ट्रात हे पुस्तक देताना मी गप्प बसू शकत नाही. जेक्स यांनाही हा प्रश्न भिडला असावा. १९९५ सालच्या एका भागात फेरेटचं एक पिल्लू मठात उंदरीण वाढवते. ते बिघडतं, हद्दपार होतं, आणि शेवटी तिला वाचवताना मरतं. तरी पुस्तकाचा निकाल मोकळेपणाने त्याच्या बाजूला झुकत नाही. मी तो भाग मुद्दाम मोठ्या मुलांच्या हातात देते. ते पिल्लू संस्काराने बिघडलं की संशयाने, यावर आमच्याकडे सतरंजीवर बसून तास तास भांडणं झाली आहेत, आणि ती व्हायलाच हवीत.

'वॉटरशिप डाउन'लाही एक डाग आहे. तिच्यातल्या माद्या बहुतेक वेळ वंशवाढीची सोय म्हणूनच येतात. निसर्गात बीळ खणते ती मादी. कादंबरीत नर म्हणतात खणणं आमचं काम नव्हे, आणि हेझल त्यांना खणायला लावतो. तो प्रसंग छान आहे, पण प्रवासात एकही सशीण नसणं खटकतं ते खटकतंच. १९९६ साली ॲडम्स यांनी लिहिलेल्या पुढच्या कथांमध्ये माद्यांना जास्त वाव मिळाला.

आपल्या रानात काय आहे?

किष्किंधेतल्या वानरसेनेवर वाढलेल्या आपल्याला प्राणी नायक नवे नाहीत. मराठीत व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' आहे, वानरांच्या टोळीतल्या सत्तापालटाची. १९८३ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती अद्भुत कादंबरी नव्हे, तिच्यामागे रान डोळसपणे पाहिलेल्या माणसाची नजर आहे. पण प्राण्याचं शरीर किती खरं असावं याचा तो मराठीतला वस्तुपाठ. मोठ्या मुलांना मी इंग्रजी पुस्तकांच्या जोडीला ती आवर्जून देते.

मला मात्र शेकरूवरची चारशे पानं हवी आहेत. शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी, भीमाशंकरच्या अभयारण्यात त्याला खास संरक्षण आहे. तो सहसा जमिनीवर उतरत नाही. झाडाच्या शेंड्यावरून शेंड्यावर उड्या घेतो, एकाहून जास्त घरटी बांधतो. आता अशा जंगलातून रस्ता काढला आणि दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींना शिवेनाशा झाल्या, तर आपल्याला तो वीस पावलांचा रस्ता. शेकरूला तो समुद्र आहे. पलीकडच्या किनाऱ्यावर कोण राहतं, तिकडे गेलेलं कुणी परत आलं का, याबद्दल शेंड्यांवर कोणत्या दंतकथा चालत असतील? जमिनीला त्यांच्या भाषेत काय म्हणत असतील? कादंबरीचं पहिलं प्रकरण इथेच पडलेलं आहे.

त्या मुलीचं पुढे काय झालं

त्या रविवारी मी मांजरांचा सहावा भाग तिला दिला आणि आईंच्या हातात 'वॉटरशिप डाउन' ठेवली, तुम्ही वाचा म्हणून. तीन आठवड्यांनी दोघी आल्या. आईंनी पुस्तक परत केलं नाही, मुदत वाढवून घेतली. गोळी लागलेला हेझल जिवंत आहे का, एवढंच मला विचारलं. मी सांगितलं नाही.

सध्या दर रविवारी आम्ही ती कादंबरी मराठीत सांगत सांगत वाचतोय. गेल्या वेळी गाडी 'थार्न' या शब्दापाशी अडली. एक मुलगा म्हणाला, "थिजला." दुसरी म्हणाली, "नाही, थिजतं ते तूप. खिळला म्हणा." एकाची आजी निफाडची आहे, तो म्हणाला, "आजीकडे उसात रात्री ससा गाडीच्या उजेडात आला ना, की तो दगडच होतो." बराच वेळ वाद झाला. शेवटी तीच आठवीतली मुलगी बोलली. आमच्या वाचनालयात ती इतक्या मोठ्याने पहिल्यांदाच बोलत होती.

"थार्नच ठेवू या. ससे आपल्याला शब्द देतायत तर घेऊ ना."